साक्षीचं झाड

७ सप्टेंबर, शनिवार
वारा वायव्येचा, मध्यम. आकाश स्वच्छ.

बोटीच्या इंजिनखोलीत चौतीस वर्षं नोंदवही लिहिली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी संध्याकाळी हात वही शोधतो. तेव्हा इंजिनातल्या तेलाचा दाब लिहायचो, आता ऑलिव्हच्या झाडांचं लिहीन. तेल काही माझा पिच्छा सोडत नाही.

आजच सुरुवात करायचं कारण दुन नॉर्बर्ट. गेल्या वर्षी गावात आलेले हे आमचे नवे फादर, वयाने माझ्या निम्मे. चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं. टेकडीवरच्या चॅपेलमधल्या दिव्याचं काहीतरी ठरवायला हवं म्हणाले. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत तुमचं तेल आलं तर ठीक, नाहीतर तिथे विजेचा बल्ब लावून टाकू. बल्ब पिवळाच आणू, लोकांना फरक कळायचासुद्धा नाही.

मला कळेल ना. मी दोन वर्षांचा असताना घटसर्प झाला, डॉक्टरने हात टेकले, तेव्हा आईने त्या चॅपेलमध्ये नवस बोलला होता की पोर वाचलं तर आमच्या पांढऱ्या ऑलिव्हचं तेल या दिव्यात घालत राहू. पोर वाचलं, आज सहासष्ट वर्षांचं होऊन ही वही लिहितंय. आईने साठ वर्षं तेल घातलं. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं तिच्या साठ्यातलं पुरलं. मग मी स्वतः काढायला गेलो. पहिल्या वर्षी फळं लवकर उतरवली, तेल निघालं वाटीभर आणि तेही कडू. दुसऱ्या वर्षी उशीर केला, निम्म्या फळांत अळी. सध्या दिव्यात दुकानातलं तेल जळतंय. ते मीच गुपचूप ओततो, आणि ओतताना वर मूर्तीकडे बघत नाही.

यात माझा एकट्याचा दोष नाही. बाकीची ऑलिव्हं हिरव्याची जांभळी होतात, जांभळ्याची काळी. आमची पांढरी हस्तिदंती होऊन बसून राहतात, पिकली की नाही ते चेहऱ्यावर दाखवत नाहीत. म्हणून बाबांनी त्यांच्यात मुद्दाम एक काळ्या ऑलिव्हचं झाड लावलं होतं. त्याची निम्मी फळं काळी झाली की पांढरी उतरवायची. तोपर्यंत त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. घरात त्याला साक्षीचं झाड म्हणायचे.

ते झाड दगडी गडग्यापलीकडे, उतारावरच्या शेताच्या खालच्या टप्प्यात आहे, आणि खालचा टप्पा माझ्या बहिणीचा, चेत्तिनाचा. आई गेल्यावर बाबांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. मला वरचा टप्पा आणि नऊ पांढरी झाडं. तिला खालचा टप्पा, घर, विहीर, तीन पांढरी झाडं आणि ते एक. टोपी तिच्या हातात होती, एवढंच लिहून ठेवतो. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

दोन वर्षं मी मानापायी त्या झाडाकडे पाहिलंच नाही. यंदा बघणार. गडग्यावरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
वारा वायव्येचा, हलका.

साक्षीचं झाड अजून पूर्ण हिरवं.

चेत्तिनाने गडग्याच्या वरच्या दगडांना चुना फासलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिवाय तिच्या अंगणातल्या पायऱ्यांच्या कडांनासुद्धा. आजोबांच्या काळापासूनचा गडगा, त्याला कधी कोणी रंग लावला नाही. हद्द कुठे संपते ते मला दाखवायचं असणार. दिसली बरं, बाई. लांबच्या विमानातूनही दिसेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार
वारा पूर्वेचा, दमट.

नेनूच्या घाण्यावर गेलो होतो. यंदा त्याने नवं यंत्र आणलंय, पण लोकांना बाहेर ताटकळत ठेवायची त्याची सवय जुनीच आहे. म्हणाला, आणायच्या तीन दिवस आधी सांग, आणि उतरवलेली फळं त्याच दिवशी आण. पोत्यात गरम झाली तर वास धरतात. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, दोन वर्षं तेच तर म्हणतोयस.

मग म्हणाला, "चेत्तिनाला यंदा एकटीला जमायचं नाही, नाही का?" मी म्हटलं तिचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि यंत्र पुसायला लागला. एकटीला सगळं हवं होतं ना, आता जमवावं एकटीने.

२४ सप्टेंबर, मंगळवार
वारा नैर्ऋत्येचा, समुद्र खवळलेला.

दाताच्या डॉक्टरकडे मोठ्या बेटावर गेलो होतो. परतीच्या बोटीत समोर चेत्तिना. माझ्यापासून दोन हातांवर, खिडकीशी, आईचा काळा कोट घालून. कोटाची बटणं एक घर सोडून लावलेली. माझ्या आईच्या कोटाची ही दशा.

चार वर्षांत आम्ही इतक्या जवळ आलो नव्हतो. मी बोलणार नव्हतोच, पण मान हलवली. समोर माणूस आहे, सख्खी बहीण आहे, म्हणून हलवली. तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच मान खिडकीकडे फिरवली. मग बंदर येईपर्यंत तशीच बसली, गाल माझ्याकडे करून. उतरताना खलाशाने तिचा हात धरून उतारावरून नेलं. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. चौतीस वर्षं त्या बोटीत काढली, माझा हात कोणी धरला नाही.

लिहिताना लक्षात येतंय की मला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं. असो.

२९ सप्टेंबर, रविवार
वारा पडलेला. पान हलत नाही.

साक्षीच्या झाडावर दहातली दोन फळं जांभळी झालीत. अजून पंधरवडाभर तरी.

आज एक नवं प्रकरण. त्या झाडाची एक फांदी गडग्यावरून माझ्या बाजूला येते, तिला लाल चिंधी बांधलेली. चांगली हातभर लांब. म्हणजे तुझ्या हद्दीत आली तरी फांदी माझीच, असं. बाबा असते तर त्यांनी त्या फांदीवर कोणाचं नाव लावू दिलं नसतं. संध्याकाळी मी गडग्यावर चढलो, चिंधी सोडली, घरी आणून चुलीत टाकली. बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, बुधवार
वारा वायव्येचा, जोराचा.

आता दोर. तिच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, दोन खांबांना ताणलेला. त्या विहिरीचं पाणी बाबांनी कधी कोणाला नाकारलं नाही. मी काही तिथे पाणी भरायला जात नाही, पण जाईन म्हटलं तर दोर आडवा.

५ ऑक्टोबर, शनिवार
वाऱ्याकडे लक्ष नव्हतं.

साक्षीचं झाड ओरबाडलंय.

सकाळी आठला गेलो तर झाडाखाली जाळं अंथरलेलं, चेत्तिना हातात फळं उतरवायची फणी घेऊन फांद्या ओढतेय आणि फळं सडसड खाली पडताहेत. हिरवी, जांभळी, सगळी. मी ओरडणार होतो, पण चार वर्षांचं न बोलणं मोडायचं नव्हतं, म्हणून गडग्याशीच उभा राहिलो. तासाभरात झाडावर पानांशिवाय काही उरलं नाही. मग ती जाळ्यावर बसली आणि फळं मुठीत घेऊन बोटांनी चाळवत राहिली, घटकाभर, कौतुकाने हाताळत असल्यासारखी.

मी त्या झाडाकडे बघतो हे तिला कळलं असणार. माझ्या हातात काही राहू नये म्हणून बाबांचा नियम मोडला. आईच्या नवसाचीसुद्धा तिला पर्वा नाही. इतकी वाईट ती लहानपणी नव्हती.

६ ऑक्टोबर, रविवार
मिस्साला गेलो नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार
वारा दक्षिणेचा, हलका, उबदार.

सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी ठरवलं की बोलून टाकायचं. गडग्याला वळसा घालून तिच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. चेत्तिना टेबलाशी बसून पावावर टोमॅटो चोळत होती. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं: चुना, बोट, दोर, आणि साक्षीचं झाड. बाबांची आठवण काढली, आईची काढली. ती मान एका बाजूला वळवून ऐकत होती. बोटीत बसली होती तशीच. मी म्हटलं, "निदान माझ्याकडे बघ तरी."

ती म्हणाली, "बघतेच आहे. सरळ पाहिलं की तू नाहीसा होतोस, विस्टिन. मान वळवली तर कडेने थोडासा दिसतोस."

मला कळलं नाही. तिने पाव खाली ठेवून सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या मधलं गेलंय, डाग पडल्यासारखं. दीड वर्ष झालं. इंजेक्शनं घ्यायला दर महिन्याला मोठ्या बेटावर जाते, आहे तेवढं टिकावं म्हणून. चुना फासलेल्या कडा दिसतात, त्यावर पाय टाकता येतो. विहिरीवर जाताना दोर धरते. बोटीत समोर कोण आहे ते तंबाखूच्या वासावरून कळलं होतं. मग मान वळवून बंदर येईपर्यंत मला बघत बसली होती. म्हणाली, म्हातारा झालायस.

मी खुर्चीत बसलो. बस असं तिने म्हटलंही नव्हतं.

झाडाचं तिने आपणहून सांगितलं. दरवर्षी ती शेजारच्या पांढऱ्या झाडाची हिरवी फळं मिठाच्या पाण्यात घालायला उतरवते. चुकून साक्षीच्या झाडाला हात लागू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधली होती. लाल तिला जवळून अजून दिसतं. चिंधी दिसली नाही म्हणून ते पांढरंच झाड समजून फणी चालवली. जाळं गोळा करताना फळ हाताला बारीक लागलं, तेव्हा कळलं.

"वाऱ्याने गेली असेल चिंधी," ती म्हणाली.

मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिलो.

मग मी विचारलं, तू मला कळवलं का नाहीस. ती म्हणाली, "चार वर्षं तू रोज वरून बघत होतास. मला वाटलं, दिसत असेल तुला."

तिने मला अर्धा पाव दिला. मी खाल्ला. तेल चांगलं होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार
मागची पानं चाळली. २९ सप्टेंबर. 'वारा पडलेला. पान हलत नाही.' माझंच अक्षर. इंजिनखोलीत कधी खोटी नोंद केली नाही आणि त्या पानावरही केलेली नाही.

चूल साफ केली. राखेत काही राहत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार
वारा वायव्येचा, हलका.

साक्ष गेली, आता पांढरी उतरवायची कधी? उतरवायची वेळ पुन्हा चुकली तर चॅपेलमध्ये बल्ब. मी चेत्तिनाला विचारलं. ती म्हणाली मला वर घेऊन चल.

चार वर्षांत ती वरच्या टप्प्यात आली नव्हती. हात धरून आणली, चुन्याच्या रेघेपर्यंत ती मला नेत होती, पुढे मी तिला. वर आल्यावर ती थांबली आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. म्हणाली, वाटणीच्या वेळी मी हाच टप्पा मागत होते मनात, इथून बोटी दिसायच्या. तिच्या हातातल्या टोपीबद्दल मी पहिल्याच पानावर काय लिहिलंय ते मला आठवलं.

मग तिने एक फळ तोडून माझ्या हातात दिलं आणि डोळे मीट म्हणाली. मिटले. चिमटीत दाब. दाबलं. दगड लागतो की आत काही सरकतं? मी म्हटलं, दगड. तिने दुसरं दिलं, तिसरं दिलं. एकात बी जरा सुटल्यासारखी वाटली आणि बोटांवर थेंब आला. डोळे उघडले तर थेंब दुधाळ होता. तिने तो चाखला आणि म्हणाली, दहातल्या सातांचं असं झालं की उतरव. शेवटची वर्षं आईला दिसत नव्हतं, तेव्हा ती असंच करायची, साक्षीच्या झाडाकडे जायचीच नाही.

आईला दिसत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. मी बोटीवर होतो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
डोळे मिटून दहा फळं दाबली. चार.
चेत्तिनाने दाबली. ती म्हणाली पाच. तिचं खरं धरलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
सात. नेनूला निरोप दिला, सोमवारी येतो. त्याने विचारलं, कोणाच्या नावावर लिहू. मी म्हटलं, बाबांच्या.

२१ ऑक्टोबर, सोमवार
वारा पूर्वेचा, हलका.

पहाटे फटफटल्यापासून उतरवली, दोन्ही टप्प्यांतली, बारा झाडं. चेत्तिना खालच्या फांद्या हाताने ओरपत होती, फणी घेत नव्हती. मी शिडीवर. एकदा म्हणाली, माझ्या डोक्यावर पाड की, निदान कुठे आहेस ते कळेल. मी मुद्दाम पाडली. संध्याकाळी घाण्यावर पोचलो तेव्हा नेनूने आम्हा दोघांना एकत्र पाहून यंत्रच बंद केलं. मग चालू केलं आणि आम्हाला न ताटकळवता आत घेतलं. त्याच्या जन्मात पहिल्यांदा.

तेल आलं तेव्हा मी रंग बघत होतो, चेत्तिनाने नळीखाली बोट धरलं. तिने ओठांना लावलं. मी म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, आईचं आहे. मला रडू आलं. तिला ते दिसलं नसावं, पण तिने खिशातून रुमाल काढून पुढे केला.

१ डिसेंबर, रविवार
वारा वायव्येचा, वाढता.

आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्सानंतर चेत्तिनाला घेऊन टेकडी चढलो, दुन नॉर्बर्टही मागून आले. दुकानातलं तेल काढून दिवा पुसला, आपलं भरलं, वात लावली. फादरनी बल्ब खिशातून आणला होता, तो परत खिशात ठेवला. या वेळी मी वर मूर्तीकडे पाहिलं आणि मग मला पुढे गप्प राहवेना. चोपन्न दिवस रोज तिच्या घरी जात होतो, तिचा पाव खात होतो.

फादर खाली उतरल्यावर मी म्हटलं, "चेत्तिना, ती चिंधी वाऱ्याने गेली नाही. मी सोडली. चुलीत टाकली."

"माहीत आहे," ती म्हणाली. "फांदीला तुझ्या तंबाखूचा वास होता. वारा काय विड्या ओढतो?"

मी विचारलं, मग त्याच दिवशी का नाही म्हणालीस.

"म्हटलं, किती दिवस घेतोस ते बघू."

उतारावर तिने माझा दंड घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेत म्हणाली, दिवा नीट जळत होता का रे? मला नुसतं उजळ दिसलं. मी सांगितलं, नीट जळत होता. ज्योत सरळ होती, जरा डावीकडे झुकलेली, धूर अजिबात नाही, काच स्वच्छ, मूर्तीचा पाय उजळला होता. ती म्हणाली, एवढं बारीक सांगत जा.

२ डिसेंबर, सोमवार
वारा वायव्येचा, जोराचा. पाऊस येऊन गेला.

पावसाने गडग्यावरचा चुना धुऊन निघालाय. बादलीभर कालवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा लावला, पायऱ्यांनाही. नेनू जाताना थांबून म्हणाला, हद्द पक्की करतोयस वाटतं. मी म्हटलं, हो.

चिंधी घरात सापडेना. शेवटी फेस्ताचा, म्हणजे गावच्या सणाचा, लाल रुमाल काढला, गेली वीस वर्षं मिरवणुकीत गळ्यात घालतो तो. साक्षीच्या झाडाला बांधला, तिच्या हाताला येईल अशा बाजूने. तिला उभी करून कडेने दाखवला. दिसतो म्हणाली.

३ डिसेंबर, मंगळवार
वारा वायव्येचा, फार जोराचा. बोटी बंद. रात्रभर कवाडं वाजत होती.

सकाळी गडग्यावरून वाकून पाहिलं. रुमाल जागेवर आहे.